हुंकार

माझी आजी गोष्ट सांगायची ती एका अटीवर. ऐकणाऱ्याने हुंकार दिला पाहिजे. गोधडीत शिरलो, की ती आधी बजावायची, "हुं म्हणायचं बरं का. हुं थांबला, की गोष्ट थांबली." आणि मग सुरुवात व्हायची. "एक होता राजा." "हुं." "त्याला होत्या दोन राण्या." "हुं." "एक आवडती, एक नावडती." "हुं." वीज बहुधा गेलेलीच असे. अंधारात मला आजीचे तोंड दिसत नसे आणि तिला माझे. तिचा आवाज तिकडून यायचा, माझा हुंकार इकडून जायचा, आणि त्या दोन टेकूंवर तो राजा, त्याच्या राण्या, त्याचे हत्तीघोडे उभे असायचे. एक टेकू निघाला, की सारे राज्य कोसळलेच म्हणून समजा.

पुढे पुढे मी एक युक्ती शोधून काढली. आजीचे वाक्य संपत आले, की तिचा सूर किंचित खाली उतरे. तेवढा उतार लक्षात ठेवला, की पुरे. मग गोष्टीकडे लक्ष देण्याचे काही कारण उरत नसे. उद्या कोणाची गोटी जिंकायची, मामाने कबूल केलेला भोवरा तो खरेच आणील का, असे माझे स्वतंत्र विचार चालू असायचे आणि उतार आला, की तोंडातून आपोआप "हुं" बाहेर पडायचा. एका रात्री आजी म्हणाली, "मग राजानं काय केलं, तर पाटावरवंटा उचलला, कढीत बुडवला आणि चावून खाल्ला." मी म्हणालो, "हुं."

पलीकडे सामसूम. मग डोक्यात एक टप्पल बसली. "लबाडा, तोंड हुं म्हणतंय, कान कुठं गेलेत?"

ती गोष्ट त्या रात्री पुरी झाली नाही. दुसऱ्या रात्री मी गळ घातली, तर आजी म्हणाली, "काल सांगितली की! तू हुं म्हणालास." त्यानंतर मी कितीही विनवण्या केल्या, तरी तिने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. आजी गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या, शेकडो माणसे कागदावर जन्माला घातली आणि मारली. पण त्या राजाचे पुढे काय झाले, नावडतीला न्याय मिळाला की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

टप्पल विसरलो, युक्ती मात्र विसरलो नाही. ती मला जन्मभर उपयोगी पडली. खोटे कशाला बोलू, आमच्या गावात माझी ख्याती 'फार चांगला ऐकणारा माणूस' अशी आहे. शाळा सुटल्यावर मी ओट्यावर बसलो, की कोणी ना कोणी येऊन टेकतो. भावकीतला बांधाचा तंटा, सुनेचे वागणे, बोअरला न लागलेले पाणी, सारे माझ्यासमोर उलगडले जाते आणि जाताना माणूस म्हणतो, "सर, बरं वाटलं बघा. मन हलकं झालं." त्या दहा वाक्यांपैकी मी तीन ऐकलेली असतात. बाकीच्या सातांना हुंकार दिलेला असतो. आता या हुंकारातही मी पुष्कळ प्रगती केली आहे. दुःखाच्या गोष्टीला लांबट आणि खर्जातला, भांडणाच्या गोष्टीला आखूड, नवलाच्या गोष्टीला वर चढणारा. मध्ये एकदा जिभेने 'च्‌ च्‌' केले, की समोरच्याचे डोळे पाण्याने भरतात. हातात मोबाइल आल्यापासून तर ही कला घरोघर पोहोचली आहे. बोट काचेवर चालते आणि तोंड "हं, हं, मग?" म्हणत राहते.

हा प्रकार आजचाच आहे, असेही नाही. श्रोत्यांचे लक्ष उडते याची चिंता साक्षात ज्ञानेश्वरांनाही असावी. नाहीतर नवव्या अध्यायाच्या तोंडी त्यांनी श्रोत्यांपाशी अवधानाचे मागणे कशाला केले असते? समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितल्या, त्यांत पहिला मान श्रवणाला आहे. कीर्तन दुसरे. बोलणाऱ्याची जागा ऐकणाऱ्याच्या मागची. शाळेतल्या आमच्या भाषेच्या अभ्यासक्रमातही श्रवण, भाषण, वाचन, लेखन असाच क्रम असतो. आम्ही मास्तर मंडळींनी मात्र दुसऱ्यापासून सुरुवात करून पहिले विद्यार्थ्यांकडे सोपवले आहे. "गप्प बसा आणि ऐका," हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. पण मी स्वतः गप्प बसून ऐकल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील.

तशात माझा दुसरा धंदा कादंबऱ्या लिहिण्याचा. तुम्ही म्हणाल, मग तर तुम्ही ऐकतच असणार. लोकांचे बोलणे कान देऊन ऐकल्याखेरीज का कादंबरी होते? माझाही तसाच समज होता. बाजारात, यष्टीत, मयताच्या घरी मी कान टवकारून बसतो, हे खरे आहे. एखादी म्हातारी एखादे वाक्य असे बोलून जाते, की ते घरी पोहोचेपर्यंत मी मनात घोळवीत असतो, सांडू नये म्हणून भरल्या घागरीसारखे जपत असतो. पण या माझ्या ऐकण्याची किंमत मला एकदा घरातच कळली.

माझ्या पत्नीच्या माहेरी विहिरीच्या काठी तीन आंबे होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षे त्या आंब्यांची आढी आमच्या घरी यायची. पुढे तिच्या भावाने ते रान विकले. घेणाऱ्याने आंबे तोडले. ती माहेराहून परत आली त्या संध्याकाळी मी लिहीत बसलो होतो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "विहिरीत आता आभाळ दिसतं. आधी नुसती पानं दिसायची." मी "हुं" म्हणालो, आणि हातातली वही उलटून शेवटच्या पानावर ते वाक्य लिहून घेतले. मग ती थोडा वेळ बसली आणि उठून गेली.

दोन वर्षांनी ते वाक्य माझ्या कादंबरीत एका विधवेच्या तोंडी आले. लोकांना ते आवडले. एकदोघांनी पत्रे पाठवून तेवढ्या वाक्याची वाखाणणी केली. पत्नीनेही कादंबरी वाचली. वाचून झाल्यावर पुस्तक माझ्या टेबलावर ठेवताना ती शांतपणे म्हणाली, "हे मी तुम्हाला सांगितलं होतं. कादंबरीला नव्हतं." आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळली. "त्या दिवशी तुम्ही विचारलंसुद्धा नाही, की आंबे तोडताना तू तिथं होतीस का म्हणून."

"होतीस का?" मी विचारले.

"आता काय त्याचं," ती म्हणाली.

आमच्या लहानपणी शाईची दौत आणि टिपकागद वापरणारे एक जुने मास्तर होते. लिहिलेल्या ओळीवर ते टिपकागद दाबीत. टिपकागद शाई सगळी उचलतो. पण त्याच्या अंगावर अक्षरे उमटतात ती उलटी. मी त्या जातीचा ऐकणारा आहे. शब्द न् शब्द उचलतो आणि तो कोणाचा, कोणासाठी, कशापायी, हे सगळे उलटे होऊन बसते.

एवढे होऊनही मी सुधारलो असतो, तर पुढचे लिहावे लागले नसते. माणूस घरच्या बोलण्याने सहसा सुधारत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. त्यांच्याकडे बसलो असता त्यांनी एकदा मजेची हकीकत सांगितली. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी डॉक्टर आणि रोगी यांच्या ७४ भेटींतले संभाषण तपासले. रोगी आपले दुखणे सांगू लागला, की डॉक्टर त्याला तोडून आपला प्रश्न घालतो, तो सरासरी १८ सेकंदांत, असे त्यांना आढळले. ७४ पैकी अवघ्या १७ भेटींत रोग्याला आपले पहिले म्हणणे पुरे करता आले. आम्ही दोघेही हसलो. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आम्ही तरी १८ सेकंद देतो. तुम्ही किती देता?"

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी विचारले ते दसऱ्याच्या आसपास. उत्तर मला दिवाळीनंतर मिळाले.

आमचा मुलूख बीड जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याचा. दसरा झाला, की इथे मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात, तोच ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी खाली कर्नाटकात. मागे घरांना कुलुपे आणि उंबऱ्यांत म्हातारीकोतारी. वर्गातले बाक रिकामे होतात. गेली वीस वर्षे मी हे पाहतो आहे आणि पाहून पाहून माझ्या डोळ्यांना त्याचे काही वाटेनासे झाले आहे, हेही कबूल करतो.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. सहामाही परीक्षा संपली होती. मी चित्रकलेच्या खोलीत कागदांचे गठ्ठे बांधीत होतो. सातवीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. फारसा न बोलणारा. पण त्याच्या हातात रेघ होती. बैल काढला, तर खांद्याची हालचाल दिसावी, असा. मी म्हणालो, "काय रे?" तो म्हणाला, "सर, दिवाळीच्या मागून आलो न्हाई, तर पटावर नाव ऱ्हाईल का?"

आता पाहा, प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला पाठ होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मी ते त्याला सांगितले. तेवढ्यावर थांबलो असतो, तरी चालले असते. पण समोर विद्यार्थी, हातात वेळ आणि विषय शिक्षणाचा. मी सुरू झालो. नाव राहून काय उपयोग, अभ्यास बुडाला तर? माझे स्वतःचे उदाहरण दिले. मीही मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकलो नाही, घरी परिस्थिती नव्हती. पण चित्रकलेची पदविका घेतली, रात्री जागून लिहिले आणि आज पाहा. तुझ्या बोटांत कला आहे, ती कोयत्याला देऊ नकोस. वगैरे. बोलता बोलता माझा मलाच गहिवर आला. तो खाली पाहत उभा होता. माझे वाक्य संपत आले, की "हं सर" म्हणत होता. सूर उतरला, की हुंकार. मला तेव्हा आजी आठवायला हवी होती.

"समजलं का?" मी विचारले.

"हो सर," तो म्हणाला आणि गेला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. चारआठ दिवसांनी आठवड्याच्या बाजारात त्याची आजी भेटली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणूस आवाजावरून ओळखायची. मी सहज विचारले, "नातू कुठवर गेला म्हणायचा?" ती म्हणाली, "सर, एक बोलू का? पोराला माझ्यापाशी ऱ्हायचं व्हतं. बाप म्हणला, म्हातारीला सवताला दिसत न्हाई, तुझ्याकडं कोण बघंल? पोरगं म्हणलं, सर सांगतेल बापाला, सरायचं ऐकल त्यो. म्हणून तुमच्याकडं आलं व्हतं. आलं आन् गप बसलं. म्या इचारलं, काय म्हणले रं सर? तर म्हणलं, सर लई चांगलं बोलले."

वास्तविक अशा मुलांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहे चालतात. आईबाप कारखान्यावर असताना मूल गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय होते, शाळा बुडत नाही. आमच्या गावातही ती सोय होती आणि यादी करणाऱ्यांत त्या वर्षी मीही होतो. दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलाला मी "का रे, कुठं निघालास?" एवढे विचारले असते, तर पुढचे सगळे त्यानेच सांगितले असते. पण मी प्रश्न ऐकला आणि प्रश्न विचारणारा तसाच राहिला. डॉक्टरांच्या हिशेबाने त्याला पाच सेकंदसुद्धा मिळाले नसतील.

त्यानंतर काही दिवस मी ऐकण्याच्या मागे लागलो. चाळिशी उलटलेल्या माणसाने एखादी गोष्ट शिकायचे मनावर घेतले, की तो आधी पुस्तक शोधतो. तशात शिक्षकांसाठी श्रवणकौशल्यावर एक दिवसाचे शिबिरही लागले. एका वक्त्यांनी सकाळी दहा ते सायंकाळी चार कसे ऐकावे यावर भाषण केले. मागच्या रांगेत आम्ही बाराजण होतो. त्यांतले पाच झोपले होते आणि दोघे मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. शेवटी "काही शंका?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, वक्त्यांनी आभार मानले. पण त्यांनी वाटलेल्या कागदात एक गोष्ट कामाची निघाली. कार्ल रॉजर्स नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९५७ साली त्यांनी रिचर्ड फार्सन यांच्याबरोबर सक्रिय श्रवणावर एक पुस्तिका लिहिली. त्यांच्या शिकवणीतला एक नियम असा, की वाद निघाला असता आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगावे. आणि त्याने "बरोबर, मला हेच म्हणायचं होतं" असे म्हटल्यावाचून आपण पुढे बोलू नये. नियम दिसायला सोपा आहे. पाळून पाहा, म्हणजे कळेल. निम्मी भांडणे पहिल्याच पायरीवर बसकण मारतात.

मी त्याचा प्रयोग अर्थातच घरी केला. पत्नी म्हणाली, "गॅस संपत आलाय, आणि तुम्ही नंबर लावला नाही." मी पेन खाली ठेवले, तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "म्हणजे तुला असं वाटतं, की गॅस संपत आलाय, आणि मी नंबर न लावल्यामुळे तू नाराज आहेस." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "मग असं काय बोलताय?"

तिचे चुकले नव्हते. बोललेले शब्द परत करणे हे काही फार कठीण काम नव्हे. ते यंत्रालाही येते. १९६६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणकाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. आपण टंकलेले वाक्य थोडे फिरवून ती प्रश्नाच्या रूपाने परत करी. तिला कळत काहीच नव्हते. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरी बाई तिच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. काही खासगी बोलायचे होते! साहेब ते यंत्र महिनोन् महिने जुळवीत असलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मला त्या बाईंचे हसू येत नाही. एखाद्याने आपल्याला पुरते ऐकावे, ही भूक केवढी असेल, की माणूस लाकडी पोळपाटाजवळसुद्धा मन मोकळे करील. आज तर अशी बोलकी यंत्रे खिशात आली आहेत, आणि आमच्या वरच्या वर्गांतली मुले त्यांच्याशी काय काय बोलतात हे आम्हांला ठाऊक नाही. एवढे मात्र मी सांगतो, की माझ्या आजीने एलायझाला पाटावरवंटा खाल्ल्याचे सांगितले असते, तर तिने "राजाने पाटावरवंटा खाल्ला असे तुम्हांला का वाटते?" असे शांतपणे विचारले असते आणि टप्पल खाल्ली असती.

मग मला जे थोडे शिकायला मिळाले, ते पुस्तकाबाहेर मिळाले, आणि तेही मी शोधायला गेलो नव्हतो. एका रविवारी घरात शेंगांचे पोते आले होते. मला बसल्या बसल्या काम नव्हते, म्हणून मी पत्नीसमोर बसून शेंगा फोडू लागलो. पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही. नुसती टरफलांची कटकट. मग ती खाली पाहतच म्हणाली, "मी तिथं होते." मला आधी संदर्भच लागला नाही. "आंबे तोडले तेव्हा. मीच भावाला म्हणाले, की पहिल्या दोन झाडांना मी थांबते. तिसऱ्याला नाही थांबले." माझ्या तोंडाशी दोन वाक्ये आली होती. चांगली होती. ती मी शेंगांबरोबर फोडून टाकली. ती पुढे बोलत गेली. सुपातल्या शेंगा संपल्या, तर तिने न पाहताच पोत्यातून आणखी ओंजळभर ओतल्या. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली होती. तिच्या वडिलांनी तिसरे झाड ती जन्मली त्या साली लावले, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून मी पाहत आलो आहे. बायका मेथी निवडताना बोलतात, धुणे पिळताना बोलतात. माणसे बैलांना पाणी दाखवताना बोलतात, यष्टीत शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत बोलतात. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून, "हं, बोल आता," म्हटले, की जीभ आत ओढली जाते. आमची शाळेतली पद्धत नेमकी तीच. मुलाला टेबलासमोर उभे करायचे, आपण खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "काय अडचण आहे?" असल्या कचेरीत अडचण कोण सांगतो? हे सगळे चित्रकलेच्या मास्तराला तरी आधीच कळायला हवे होते. माझ्या तासाला मुले रंग भरता भरता एकमेकांशी जे हलक्या आवाजात बोलतात, ते इतकी वर्षे मी डस्टर आपटून बंद करीत आलो होतो. आता मी टेबल सोडून मधल्या रांगेत जाऊन बसतो आणि माझेही एक चित्र काढतो. वर्गात गोंगाट वाढला, अशी मुख्याध्यापकांची तक्रार आहे. ती खरी आहे. रोज जमते असेही नाही. गेल्याच महिन्यात एका मुलीचे वाक्य मी अर्ध्यावर तोडले, आणि तिचे तोंड मिटले ते मिटलेच.

तो मुलगा पुढल्या जूनमध्ये शाळेत आला. उंच झाला होता. उन्हाने रापला होता. तळहातावर उसाच्या पाचटाने चिरल्याच्या रेघा होत्या. त्या वर्षी शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा रंगवायचे काम माझ्याकडे होते. मी त्याला मदतीला घेतले. दोरी धरून चौकटी आखल्या, सीमा काढली, जिल्हे पाडले. मी त्याच्यासाठी काही वाक्ये तयार करून ठेवली होती. मागच्या वर्षी माझी चूक झाली, तू सांगायला आला होतास आणि मी ऐकले नाही, अशा अर्थाची. मास्तराने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करावी, यात थोडा मोठेपणाही होताच, आणि त्याची चव मला आधीच लागली होती.

तो गोदावरीत निळा रंग भरीत होता. मी तोंड उघडणार, इतक्यात त्याने ब्रशचे मागचे टोक कोल्हापूरच्या खाली नेले. सीमेच्या बाहेर, जिथे काहीच काढलेले नव्हते, नुसती भिंत होती, तिथे त्याने ते टेकवले.

"सर, आमी हितं होतो."

मी माझी वाक्ये गिळली. त्या क्षणी ती माझ्याच उपयोगाची होती, त्याच्या नव्हे. "हुं," मी म्हणालो आणि सोलापूरची सीमा ठळक करू लागलो.

मला वाटले, आता तो कष्टांचे सांगेल. पहाटेची थंडी, रात्री ट्रक भरणे, बापाची उचल, बुडालेली शाळा. आतल्या टिपकागदाने अंग सरसावलेही होते. पण तो सांगू लागला कुत्र्याचे. कोपीमागे एक पिलू आले होते. एक कान पांढरा. आई त्याला हाकलायची आणि हा पाचटात लपवायचा. वाढे विकून आई बिस्किटाचा पुडा आणायची, त्यातली दोन त्याला. पिलू मोठे झाले, टायरगाडीखाली सावलीला बसू लागले, बैलांना ओळखू लागले. तो थांबत थांबत सांगत होता. मध्ये नदी पुरी करायचा, ब्रश धुवायचा, पुन्हा सुरू. मी दोनदा पुढे काय झाले असेल ते मनात ठरवले आणि दोन्ही वेळा ते चुकले.

"पट्टा पडला, निघायचा दिस आला. मुकादम म्हणला, कुत्रं ट्रकात न्हाई. मग ते मागं पळत आलं. पुलापस्तोर आलं, सर..."

तेवढ्यात घंटा झाली. त्याने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, माझ्या हातात दिला. "ऱ्हायलेलं उद्या सांगतो," म्हणाला आणि दप्तर उचलून पळाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गाला चित्रकलेचा तास नव्हता. मधल्या सुट्टीत मुले डबे उघडून बसली होती. तो भिंतीपाशी आला, डब्यातला निळा रंग काडीने ढवळला आणि पुलापासून पुढे सांगू लागला.